चालतं कुणाचं? सीमाभागातल्या संस्था, त्यांची सत्ता आणि त्यांचं वजन



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते, त्यांना भाषणात आपलं नाव वारंवार घेतलेलं खपलं नसतं. म्हणून मी ते घेत नाही, विषय मात्र त्यांच्या आयुष्यातूनच उचलतो. गुरुजी सरकारी शाळेत शिक्षक होते, गावच्या सोसायटीचे सभासद होते, आषाढीला पंढरपूर आणि गुरुपौर्णिमेला गाणगापूर चुकवत नव्हते, आणि दर निवडणुकीला मतपेटी घेऊन कुठल्या तरी तांड्यावर मुक्कामाला जायचे. एका माणसावर चार संस्थांचा हक्क. यातल्या कुठल्या संस्थेचं त्यांच्यावर किती चाललं आणि का चाललं, हा आजचा प्रश्न आहे.

प्रश्न तुमच्याही ओळखीचा आहे. पोरीसाठी स्थळ बघायला गेलो, शेत घ्यायला गेलो, की आपण हळूच विचारतो, "या गावात चालतं कुणाचं?" कुणी आमदाराचं नाव सांगतं, कुणी मठाच्या स्वामीजींचं, कुणी सोसायटीच्या चेअरमनचं, कुणी अडत दुकानदाराचं. उत्तरं खरी असतात, पण एकाच मापाची नसतात. कुणाचा हुकूम मोडला तर आपलं नुकसान होतं, ही एक गोष्ट. नुकसान होणार नसतानाही आपण कुणाचा शब्द मोडत नाही, ही दुसरी. पहिलीला मी सत्ता म्हणतो, दुसरीला वजन. तहसीलदाराकडे सत्ता असते. गावातल्या एखाद्या म्हातारीकडे नुसतं वजन असतं, आणि भावकीचं भांडण तीच मिटवते.

पुण्यात किंवा बंगळुरात बसून या दोन्ही गोष्टी वेगळ्या काढणं अवघड आहे. तिथे सत्ता आणि वजन एकमेकांत मिसळून गेलेलं असतं. आपल्याकडे मात्र मोजायला एक सोय आहे, आणि ती म्हणजे हद्द. बिदर जिल्ह्यातल्या कमालनगरच्या पुढे राज्य बदलतं, कर्नाटक संपून महाराष्ट्र लागतो. तिथे उभं राहून बघावं, कुठली संस्था तिथे थांबते आणि कुठली खुशाल पलीकडे जाते.

थांबणाऱ्या संस्थेपासून, म्हणजे राज्यापासून, सुरुवात करू. १ नोव्हेंबर १९५६ च्या आधी बिदर हा हैदराबाद राज्याचा जिल्हा होता. त्यात भालकी, हुमनाबाद, औराद, बसवकल्याण होतं, तसंच उदगीर, निलंगा, अहमदपूर होतं, आणि नारायणखेड, जहीराबादही होतं. राज्य पुनर्रचना आयोगाची शिफारस अशी होती की हा जिल्हा तेलंगणाच्या जोडीनं उरलेल्या हैदराबाद राज्यात राहावा. कायदा झाला तेव्हा त्याचे तीन वाटे झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्याला मिळाले. नारायणखेड आणि जहीराबादचा बहुतेक भाग आंध्रात गेला. उरलेला जिल्हा म्हैसूर राज्यात आला. गुलबर्ग्याचेही कोडंगल आणि तांडूर आंध्राकडे गेले. कुठलं घर हललं नाही, कुठली विहीर हलली नाही, पण सख्ख्या मामा-भाच्यांच्या जमिनीचे कागद दोन लिप्यांत गेले. मामाचा सातबारा मराठीत, भाच्याची पहाणी कानडीत.

ही सत्ता किरकोळ समजू नका. सीमावादावरच्या महाजन आयोगाचा अहवाल १९६७ साली आला, महाराष्ट्रानं तो मानला नाही. २००४ साली महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि तो दावा अजून पडून आहे. दरम्यान इथे दोन पिढ्या शाळेत गेल्या, नोकरीला लागल्या, निवृत्तही झाल्या. घटनेच्या २०१२ च्या ९८ व्या दुरुस्तीनं कलम ३७१-जे आलं आणि या भागातल्या मुलांना शिक्षणात आणि नोकरीत राखीव जागा मिळाल्या. ते कलम भाषा विचारत नाही, रहिवास विचारतं. भालकीच्या मराठी मुलीला त्याचा लाभ मिळतो, उदगीरच्या तिच्या मावसबहिणीला मिळत नाही. एकाच आजीच्या दोन नातींमध्ये इतका फरक पाडण्याची ताकद ना मठात आहे, ना बाजारात.

आता थांबत नाहीत त्या संस्था बघू. पहिला बाजार. कलबुर्गीची तूर प्रसिद्ध. २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. डाळमिला कलबुर्गीतही आहेत आणि लातुरातही. बाजार समितीचा कायदा राज्याराज्याचा वेगळा, शेस वेगळा, परवाने वेगळे. भाव मात्र हद्द ओळखत नाही. लातूरच्या मिलवाल्यांनी हात आखडता घेतला की इकडच्या सौद्यात त्याची कळ उठते, आणि शेतकरी मोबाइलवर दोन्हीकडचा भाव विचारूनच पोती टेम्पोत टाकतो. दुसरी संस्था शिकवणीची. आपली मुलं 'लातूर पॅटर्न'च्या मागे लातूरला जातात, आणि १९८९ मध्ये बिदरमध्ये सुरू झालेल्या शाहीन या संस्थेत डॉक्टर व्हायचं म्हणून पलीकडची मुलं येऊन राहतात. कुणी हुकूम काढलेला नाही. निकाल दिसतो, म्हणून माणसं जातात.

आणि तिसरी संस्था गाणगापूर. तुमच्यापैकी बहुतेकांनी ते पाहिलंय, तरी एकदा परक्या माणसाच्या नजरेनं पाहा. अफझलपूर तालुक्यातलं भीमा-अमरजेच्या संगमावरचं गाव. दुपारचे बारा वाजत आलेत. सोलापूर पासिंगच्या गाडीतून उतरलेला एक गृहस्थ, मनगटावर भारी घड्याळ, खांद्याला झोळी अडकवून एका घरासमोर उभा आहे. घरी त्याच्या हाताखाली पाच-पन्नास माणसं असतील. इथे तो पाच घरं माधुकरी मागतो. दारातली बाई कानडीत काहीतरी म्हणते, तो मराठीत उत्तर देतो, झोळीत भाकरीचा तुकडा आणि भात पडतो. त्याच्या शेजारी उभा असलेला खरोखरीचा भिकारीही तेच घेतो. दुपारच्या भिक्षेला दत्तगुरू कुणाच्याही रूपात येतात अशी तिथली श्रद्धा आहे, म्हणून घरातली बाई दोघांनाही सारखंच वाढते. श्रीमंत माणसाला भर उन्हात भीक मागायला लावणारी दुसरी संस्था मला माहीत नाही. कुठल्याही सुलतानाला हे जमलं नसतं. जमलं असतं तर त्याला जुलूम म्हटलं असतं.

गाणगापूरचं हे वजन मराठीच्या मुलखात कशानं पसरलं? गुरुचरित्रानं. आणि ते लिहिणाऱ्या सरस्वती गंगाधरांनी ग्रंथाच्या सुरुवातीलाच कबुली दिलीय की मराठी त्यांना नीट येत नाही. त्यांची घरची भाषा कानडी. आज कर्नाटकात असलेल्या गावाची गोष्ट एका कानडीभाषक माणसानं मराठीत लिहिली आणि ती कोकणापासून वऱ्हाडापर्यंत सप्ताहाला बसली. हुमनाबादजवळच्या माणिकनगरचंही तसंच. माणिकप्रभूंचा जन्म १८१७ साली लाडवंतीचा, म्हणजे बसवकल्याणच्या परिसरातला. माणिकनगर त्यांनी १८४५ साली वसवलं, पदं मराठीत, कानडीत आणि हिंदुस्तानीत केली, आणि आपल्या पंथाला 'सकलमत' म्हटलं. निजामाचं राज्य गेलं, जिल्ह्याचे वाटे झाले, तरी दत्तजयंतीला माणिकनगरात तिन्ही राज्यांची माणसं एका पंगतीला असतात.

इथवर ऐकून कुणी म्हणेल, म्हणजे सुलतान हरले आणि संत जिंकले. कीर्तनाला हा शेवट शोभतो. इतिहास मात्र इतका सरळ नाही, आणि आज मला त्याबद्दलच बोलायचंय.

गुलबर्ग्याचा दर्गा घ्या. ख्वाजा बंदेनवाज गेसूदराज १४०० च्या सुमाराला दिल्लीकडून दक्षिणेत आले. फिरोजशहा बहमनीनं मानानं स्वागत केलं. पुढे बिनसलं. इतिहासकार सांगतात की किल्ल्याजवळच्या खानकाहात, म्हणजे सूफी मठात, जमणारी गर्दी सुलतानाला खुपू लागली आणि त्यानं त्यांना तिथून हलायला सांगितलं. ते हलले. पण गादीचा प्रश्न आला तेव्हा त्यांचा आशीर्वाद सुलतानाच्या मुलाला मिळाला नाही, भावाला मिळाला, आणि १४२२ साली तो भाऊ अहमदशहा तख्तावर बसला. त्याच वर्षी बंदेनवाज वारले. त्यांच्या कबरीवर घुमट उभा राहिला, दर्ग्याला इनामं मिळाली. म्हणजे वजनानं सत्ता घडवली, आणि सत्तेनं वजनाला जमीन दिली. त्या इनामांशिवाय दर्ग्याचा लंगर इतकी शतकं चालला असता का, हा प्रश्न विचारायला हवा.

अहमदशहानं पुढे राजधानी बिदरला नेली. गुलबर्ग्याचं तख्त गेलं, दर्गा राहिला, आणि शहर दर्ग्याच्या आधारानं टिकून राहिलं. पण खरी गंमत अहमदशहाचीच आहे. बिदरजवळ अष्टूरला त्याची कबर आहे. लोक त्याला 'वली', म्हणजे संत, म्हणतात. त्याच्या उरुसाला आळंद तालुक्यातल्या माडियाळचे लिंगायत जंगम आपल्या माणसांसह येतात आणि मानकरी असतात. ज्या राजानं लढायांत माणसं कापली, त्याच्या कबरीवर जंगम शंख वाजवत येतो. राजा असताना त्याच्याकडे सत्ता होती. मेल्यावर त्याला वजन आलं. म्हणजे सुलतान आणि संत ही कायमची दोन कुळं नव्हेत, एकच माणूस एका कुळातून दुसऱ्यात जाऊ शकतो.

उलट उदाहरण महमूद गवानचं. इराणातल्या गिलानहून आलेला हा व्यापारी बहमनी राज्याचा वजीर झाला. १४७२ साली त्यानं बिदरमध्ये मदरसा उभारला. त्याचा निळ्या फरशांचा उरलेला मिनार आजही शहरात उभा आहे. ग्रंथालय होतं, अध्यापकांना राहायला खोल्या होत्या, विद्यार्थ्यांचा खर्च संस्थेचा. विद्येची संस्था, दानतीचा संस्थापक. आणि त्याचा शेवट कशानं झाला? मोहरेनं. इतिहासकार फरिश्त्यानं दिलेली हकीकत अशी की विरोधकांनी त्याची मोहोर सांभाळणाऱ्या गुलामाला दारू पाजून एका कोऱ्या कागदावर शिक्का मारून घेतला, आणि वर ओरिसाच्या राजाला चढाईचं आमंत्रण देणारा मजकूर लिहिला. तो कागद सुलतानाच्या हाती गेला. १४८१ च्या एप्रिलमध्ये गवानचं डोकं उडवलं गेलं. मागून सुलतानाला पस्तावा झाला. दहा वर्षांच्या आत विजापूर, अहमदनगर, वऱ्हाडचे सुभेदार स्वतंत्र झाले. कोऱ्या कागदावरच्या एका शिक्क्यानं जे केलं, ते पुसायला आख्ख्या मदरशातली विद्या पुरी पडली नाही.

आता बसवकल्याणला जाऊ. चालुक्यांच्या या राजधानीत, सहाव्या विक्रमादित्याच्या काळात, म्हणजे अकराव्या-बाराव्या शतकाच्या सांध्यावर, विज्ञानेश्वरानं याज्ञवल्क्यस्मृतीवर 'मिताक्षरा' ही टीका लिहिली. मुलाला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतःच हक्क मिळतो, हे तिचं सूत्र. चालुक्य गेले, कलचुरी गेले, बहमनी, बरीदशाही, मोगल, निजाम सगळे गेले. बंगाल सोडून बहुतेक हिंदुस्थानात हिंदू कुटुंबाची वाटणी मात्र मिताक्षरेनं होत राहिली, आणि २००५ साली मुलींना समान हक्क देणारी दुरुस्ती झाली तीही मिताक्षरा कुटुंबाच्याच चौकटीत. आपल्या जिल्ह्यात लिहिलेल्या एका पोथीनं जितकी शेतं वाटली, तितकी कुठल्याही सुलतानानं वाटली नसतील. तरी एक गोष्ट नजरेआड करू नका. पोथीला हा अंमल आपोआप मिळालेला नाही. कोलब्रुक या इंग्रज पंडितानं १८१० साली तिच्या दायविभागाचं इंग्रजी भाषांतर छापलं आणि कंपनीच्या न्यायालयांनी तिच्या आधारानं निवाडे दिले, तेव्हा ती घराघरांत शिरली. पंडितांमध्ये तिचं वजन आधीपासून होतं. कायद्याचा शिक्का बाहेरून बसला.

म्हणून माझं म्हणणं असं आहे. सत्ता हद्दीपाशी थांबते आणि वजन हद्द ओलांडतं, हे खरं. पण वजनाला केव्हा ना केव्हा सत्तेच्या खजिन्यासमोर उभं राहावं लागतं, आणि तिथे त्याला एकच प्रश्न विचारला जातो: हिशोब कुठंय?

हे मी मनचं सांगत नाही. या मातीनं ते दोन कथांतून सांगून ठेवलंय, एक कानडीत-तेलुगूत आणि दुसरी मराठीत. पहिली कथा बसवण्णांची. कल्याणमध्ये, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, बिज्जळ राजाच्या पदरी ते भांडारी होते. परंपरा सांगते की त्याच गावात अनुभवमंटपात अल्लमप्रभूंच्या अध्यक्षतेखाली चांभार, परीट, न्हावी, ब्राह्मण, स्त्रिया असे सगळे एका बैठकीवर बसून बोलत. दिवसा राजाच्या तिजोरीच्या किल्ल्या आणि संध्याकाळी ती बैठक. अपेक्षेप्रमाणे चुगली झाली, की भांडारी जंगमांच्या दासोहावर, म्हणजे अन्नदानावर, राजाचा पैसा उधळतो. राजानं तिजोरी मोजायला लावली. पै न् पै जुळली. पुढे हरळय्या चांभाराचा मुलगा आणि मधुवरस ब्राह्मणाची मुलगी यांचं लग्न लागलं, तेव्हा राजसत्तेनं दोन्ही बापांना देहान्त दिला, शरण, म्हणजे बसवण्णांचे अनुयायी, पांगले, आणि ११६७ च्या सुमाराला बिज्जळही मारला गेला.

दुसरी कथा दामाजीपंतांची. महिपतीनं भक्तविजयात ती घराघरांत पोचवली. मंगळवेढ्याचा हा अंमलदार दुष्काळात सरकारी कोठारं उघडतो, चुगली बिदरला जाते, शिपाई त्याला धरून नेतात. तो वाटेत पंढरपुरात असताना इकडे विठू महार बिदरच्या दरबारात थैली रिती करतो. सरकारी भरणा गावाहून ठाण्याला पोचवणं हे महारकीचं काम. कथेनं देवालाही त्याच कामाला लावलं. आणि तो नुसते पैसे देऊन परत जात नाही. पावती घेतो. ती पावती दामाजीच्या पोथीत सापडते.

लहानपणी आपल्याला यातली भक्ती दिसली. आता हिशोब बघा. देवाच्या हाती सगळं होतं. तो बादशहाला स्वप्न दाखवू शकला असता, तुरुंगाची दारं उघडू शकला असता. कथा सांगणाऱ्या लोकांना ते पुरेसं वाटलं नाही. त्यांना धान्याचा भरणा व्हायला हवा होता आणि त्याची पावती हवी होती. बसवण्णांच्या कथेतही आकाशातून विमान येत नाही, तिजोरीची मोजणी होते. तीन भाषा, दोन पंथ, दोन राजधान्या. आणि दोन्हीकडचा चमत्कार एकच, हिशोब जुळणं! ज्यांनी शतकानुशतकं सारा भरला, लगान भरली, त्यांच्या कल्पनेतही सर्वांत अवघड गोष्ट तीच होती.

इथे मी माझ्या तिसऱ्या प्रकारच्या संस्थांकडे येतो. राज्य वरून हुकूम देतं. मठ-दर्गा समोरून हाक देतो. तिसऱ्या प्रकारात संस्था आपणच काढतो, आपणच वर्गणी देतो, आपणच कार्यकारिणी निवडतो: शाळा, वाचनालय, पतसंस्था, सोसायटी. तिच्यात सत्ता थोडी आणि वजनही थोडं असतं, पण दोन्ही आपल्या हातातलं.

निजामी अमलात हिची किंमत लोकांना कळली होती. दरबारची भाषा उर्दू, उस्मानिया विद्यापीठाचं माध्यम उर्दू, आणि गश्ती निशाण ५३ च्या फतव्यानं सभेला आधी परवानगी घ्यायची. आज आपण बसलोय तशी सभा अमीनसाहेबांना विचारल्याशिवाय भरली नसती. अशा काळात १९०७ मध्ये गुलबर्ग्याला नूतन विद्यालय निघालं. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा निघाली. फळा, खडू आणि पोटाला चिमटा घेऊन शिकवणारे मास्तर. पण हैदराबादच्या मुक्तिलढ्यात जी माणसं पुढे आली त्यांतली कितीतरी या शाळांतून आली. हिप्परग्याच्या शाळेत शिकवलेले स्वामी रामानंद तीर्थ १९५२ च्या पहिल्या लोकसभा निवडणुकीत कुठून निवडून आले? गुलबर्ग्यातून. मूळचे सिंदगीचे, मराठवाड्यात काम केलेले संन्यासी. त्यांना कानडी, मराठी, उर्दू बोलणाऱ्यांनी मत दिलं. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाची राजवट चार-पाच दिवसांत कोलमडली, पुढच्या वर्षी जहागिऱ्या गेल्या, कल्याणच्या नवाबाचीही गेली. शाळा चालू राहिल्या.

स्वातंत्र्यानंतर याच जातीची संस्था म्हणजे सहकार. त्याची सुरुवात मात्र आधीची: १९०५ सालीच गदगजवळच्या कणगिनहाळला देशातल्या पहिल्या काही कृषी पतसंस्थांपैकी एक निघाली, म्हणजे हे रोप या राज्याला परकं नाही. नाबार्डनं १९९२ मध्ये बचत गट बँकांशी जोडायला सुरुवात केली, त्यानंतर बिदरच्या जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेनं गावोगावच्या सोसायट्यांमार्फत बायकांचे गट उभे केले आणि ते काम बाहेरच्यांच्या अभ्यासाचा विषय झालं. जिला नवऱ्याच्या परवानगीशिवाय बाजारात जाता येत नव्हतं, ती सोसायटीत जाऊन अंगठ्याऐवजी सही करू लागली. याच पट्ट्यात सहकारी साखर कारखानेही निघाले. त्यातले काही कसे आजारी पडले आणि उसाची बिलं कशी थकली, हे तुम्हाला मी सांगायला नको.

एकाच मातीत बचत गट टिकतो आणि कारखाना बसतो, याची कारणं अनेक आहेत: पाऊस, साखरेचा भाव, राजकारण. पण एक कारण माझ्या विषयातलं आहे. गटात दहा-पंधरा बायका असतात. दर आठवड्याला पैसे सगळ्यांच्या डोळ्यांदेखत मोजले जातात, वहीत चढतात, कुणाचे वीस रुपये राहिले ते सगळ्यांना पाठ असतं. कारखान्याचे सभासद हजारोंनी, आणि त्यांची वार्षिक सभा कशी होते? मंडपात पंखे फिरतायत. चेअरमन उठतात, विषयपत्रिकेवरचा पहिला विषय वाचतात. मागून पाच-सहा जण "मंजूर, मंजूर!" ओरडतात. ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, लेखापरीक्षकाचा शेरा, सगळं चहाच्या आत मंजूर. मग पिशवी मिळते, जेवण होतं, माणसं बसला लागतात. अहवालाचं छापील पुस्तक त्या पिशवीत तसंच घरी जातं आणि त्याच्यावर पोरं वह्यांची कव्हरं घालतात.

म्हणजे आपण करतो काय? सोसायटीला सरकार समजून तिला भितो, किंवा मठ समजून तिच्या पाया पडतो. सभासद म्हणून तिचा हिशोब विचारणं आपल्याला उद्धटपणा वाटतो. गाणगापूरच्या पादुकांपुढे हिशोब विचारायची गरज नाही, आणि तिथल्या हुंडीची मोजदाद करायला कर्नाटकाचं मुजराई खातं, म्हणजे देवस्थान खातं, आहे. तहसीलदाराला हिशोब विचारायला विधानसभा आहे, न्यायालय आहे. सोसायटीचा लेखापरीक्षक शेरा लिहून जातो, पण तो वाचून सभेत जाब विचारणारे तुम्ही-मीच. तिथे विठू महार येणार नाही.

मराठी माणसाची इथे आणखी एक अडचण आहे, आणि ती मी स्पष्ट बोलतो. तो अहवाल कानडीत असतो. आपल्यातले कित्येक जण कानडी अस्खलित बोलतात, बाजारहाट करतात, पण लिपी वाचत नाहीत. त्यांना मत आहे, शेअर आहे, कर्जही आहे. ताळेबंद कळत नाही. आपण मराठी शाळांसाठी भांडतो, भांडलंच पाहिजे. घटनेच्या कलम ३५०-अ नं मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करायची जबाबदारी राज्यावर टाकलीय, कलम ३० नं भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था काढायचा हक्क दिलाय. शिक्षकाची जागा रिकामी राहिली तर या कलमांवर बोट ठेवून अर्ज केला पाहिजे. पण अर्ज ज्या कचेरीत जातो, तिथली टिपणी कानडीत होते. ती वाचता आली नाही, तर आपला अर्ज कुठे अडला हे आपल्याला दुसरा सांगेल, आणि त्याला हवं तेवढंच सांगेल. कानडी वाचायला शिकलं म्हणजे मराठीवर पाणी सोडलं, असं मानणाऱ्यांनी सरस्वती गंगाधरांकडे बघावं. कानडी घरात वाढून त्यांनी मराठीला गुरुचरित्र दिलं. आपल्याला निदान सोसायटीचा अहवाल वाचता यायला हरकत नसावी.

तेव्हा या व्याख्यानातून एखादी गोष्ट न्यायची असेल तर ही न्या. राज्याच्या सत्तेशी दावा मांडायचा असेल तर वकील लागतो, पुरावा लागतो, आणि पिढ्या जातात. तो चालू राहू द्या. मठ, दर्गा, दत्तस्थान यांचं वजन आपल्या मदतीवाचून टिकत आलंय, टिकेल. तिसऱ्या प्रकारच्या संस्था मात्र आपण बघितल्या तरच उभ्या राहतात, आणि सीमाभागात आपल्या हाती खरोखर उरलेली ताकद तेवढीच आहे. ज्याला दोन्ही लिप्या येतात अशा एका पोरानं गावच्या सोसायटीचा ताळेबंद सभेच्या आधी आठ दिवस पारावर मोठ्यानं वाचून दाखवावा, मराठीत आणि कानडीत. दोनच प्रश्न तयार करावेत, आणि "मंजूर" म्हणायच्या आधी ते विचारावेत. बचत गटातल्या बायकांना हे शिकवावं लागणार नाही. त्यांच्याकडून आपण शिकलो तरी पुरे.

दुसऱ्याला सांगताना स्वतःला सोडू नये. ही व्याख्यानमालाही वर्गणीवर चालणारी संस्था आहे. मंडपाचा खर्च, वक्त्याचं मानधन, माझ्या गाडीभाड्यासकट, कुणीतरी दिलेल्या पैशातून जातं. संयोजकांना माझी विनंती आहे की पुढच्या वर्षी पाहुण्यांचा परिचय करून देण्याआधी या वर्षीचा जमाखर्च इथे उभं राहून वाचा, आणि श्रोत्यांना शंका विचारायला वेळ द्या. वक्त्याची पंधरा मिनिटं त्यात गेली तर जाऊ द्यात. वक्ते तसंही जास्तच बोलतात.